जुन्या घराला हात लावण्याआधी

घर आमचं, जागा आमची, घरपट्टी आम्ही भरतो. मग माळवद उतरवून स्लॅब टाकायला तिऱ्हाइताला कशाला विचारायचं? शिरूरच्या जुन्या पेठेत किंवा दौंडच्या गावठाणात ज्याचं वाडवडिलांचं घर आहे, तो हा प्रश्न कधी ना कधी विचारतोच. त्याच गल्लीतून जाणारा दुसरा एखादा उलटा प्रश्न विचारतो: एवढा नक्षीचा वाडा पाडला, सरकारनं पाडू कसा दिला?

दोघांच्याही मनात एकच समजूत असते. घर जुनं झालं की कायद्याचा त्याच्यावर आपोआप काही हक्क तयार होतो, असं पहिल्याला भीतीपोटी वाटतं आणि दुसऱ्याला आशेपोटी. तसं काही होत नाही. जुन्या घरातल्या बदलांची तपासणी कधी होते, कोण करतं आणि त्यात काय पाहिलं जातं, ते क्रमानं पाहू.

१. वयापेक्षा यादी महत्त्वाची

वास्तू संरक्षित होण्याच्या आपल्याकडे मुख्यतः तीन वाटा आहेत. पहिली केंद्राची. १९५८ च्या प्राचीन स्मारके कायद्याखाली जाहीर झालेली स्मारकं भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण सांभाळतं. शनिवारवाडा, शिवनेरी, कार्ल्याची लेणी ही त्यातली. दुसरी राज्याची. १९६० च्या राज्य कायद्याखाली जाहीर झालेली स्मारकं राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाकडे असतात. तिसरी वाट नगररचनेची. नगरपरिषद किंवा महानगरपालिका आपल्या हद्दीतल्या वारसा इमारतींची यादी करते, शासन ती मंजूर करतं आणि त्या इमारतींतले बदल बांधकाम परवानगीच्या वेळीच तपासले जातात.

तिन्हींत नाव नसेल, तर ती इमारत कायद्याच्या लेखी साधं घर असते. केंद्राच्या कायद्यात शंभर वर्षांची अट आहे खरी, पण ती पात्रतेची. शंभरी भरली म्हणून संरक्षण लागू होत नाही. अधिसूचना निघावी लागते.

शिरूर तालुक्यात मलठण आणि कवठे येमाई इथे पवारांच्या वास्तू आहेत, तळेगाव ढमढेरे हे नावच सरदार घराण्यावरून पडलं आहे, पाबळला मस्तानीची कबर आहे. यांपैकी कशाच्याही भवितव्याची चर्चा निघाली की लोक इतिहास सांगू लागतात. इतिहास सांगावाच. पण परवानगीच्या टेबलावर पहिला प्रश्न वेगळा असतो: नाव कुठल्या यादीत आहे?

२. स्मारक शेजारी असेल तर

स्वतःचं घर कुठल्याही यादीत नाही, पण शेजारी केंद्राचं संरक्षित स्मारक आहे, अशी स्थिती असली तरी तपासणी लागते. २०१० साली कायद्यात दुरुस्ती झाली. संरक्षित हद्दीपासून १०० मीटरपर्यंत प्रतिबंधित क्षेत्र आणि त्यापुढे आणखी किमान २०० मीटर नियंत्रित क्षेत्र, अशी रचना पक्की झाली. ‘आणखी’ हा शब्द बरेच जण वाचतच नाहीत. नियंत्रण २०० मीटरला संपत नाही, ३०० मीटरपर्यंत जातं.

समजा, तीन घरं आहेत. पहिलं हद्दीपासून ८० मीटरवर, दुसरं २४० वर, तिसरं ३२० वर. तिसऱ्याला या कायद्याचा सर्वसाधारणपणे संबंध नाही. दुसऱ्याला नवं बांधकाम करता येतं, जुनं पाडून पुन्हा बांधताही येतं, पण आधी परवानगी घेऊन. पहिल्याला नवं बांधकाम नाही, पाडून पुन्हा बांधणंही नाही. घर १६ जून १९९२ च्या आधीचं असेल तर दुरुस्ती आणि नूतनीकरण करता येतं, तेही परवानगीनंच. अर्ज राज्यासाठी नेमलेल्या सक्षम अधिकाऱ्याकडे जातो. त्यानं तो पंधरा दिवसांत राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाकडे पाठवायचा, प्राधिकरणानं दोन महिन्यांत शिफारस कळवायची आणि त्यानंतर महिन्याभरात निर्णय द्यायचा. कागदावरचा हिशेब साधारण साडेतीन महिन्यांचा. परवानगीवाचून बांधकाम केलं तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.

ही पद्धत सगळ्यात जास्त जाणवते ती पुण्याच्या कसबा आणि शनिवार पेठेत. शनिवारवाड्याची पायाभरणी १७३० ची. तो १८२८ च्या आगीत जळाला आणि आत आज चौथरेच उरले आहेत. त्या चौथऱ्यांभोवतीच्या शंभर मीटरांत माणसं राहतात, त्यांचे वाडे खचतात आणि पुनर्विकास करता येत नाही. रहिवाशांनी त्याविरुद्ध अनेक वर्षं दाद मागितली आहे. माझ्या मते त्यांची तक्रार रास्त आहे. शंभर मीटरांची रेघ शेताच्या मधोमध असलेल्या लेण्याला आणि गजबजलेल्या पेठेतल्या वाड्याला एकाच मापानं लावली, तर पेठेतल्या माणसाचं नुकसान होणारच. प्रत्येक स्मारकासाठी स्वतंत्र वारसा उपविधी करण्याची तरतूद कायद्यातच आहे. ते काम झटपट झालं असतं, तर निम्मी भांडणं मिटली असती.

३. नगरपरिषदेच्या यादीत गेलेलं घर

शिरूर आणि दौंड ही नगरपरिषदांची गावं. शिरूरची नगरपालिका १८६८ ची, म्हणजे दीडशे वर्षांहून जुनी. अशा गावातल्या राहत्या घरांच्या बाबतीत खरा कामाचा कायदा तिसरा, म्हणजे १९६६ चा महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम.

या कायद्याच्या कलम ४३ मध्ये एक बारीक पण मोलाची गोष्ट आहे. कुठल्याही विकासकामाला परवानगी लागते, असं सांगून कायदा लगेच सूट देतो: काम घराच्या आतलं असेल किंवा बाहेरच्या रूपात विशेष फरक पडणार नसेल, तर परवानगी नको. म्हणून तुम्ही ओट्यावर ग्रॅनाइट बसवता तेव्हा कुणी विचारायला येत नाही. पण या सुटीला पुढे अपवाद जोडला आहे: वारसा इमारत आणि वारसा परिसर सोडून. म्हणजे घर यादीत गेलं की आतली देवळी बुजवणंही तपासणीच्या कक्षेत येऊ शकतं.

राज्यात अशा तपासणीची घडी प्रथम बसली ती मुंबईत, १९९५ च्या वारसा नियमांनी. त्यात इमारतींच्या श्रेणी ठरल्या आणि सल्ल्यासाठी वारसा संवर्धन समिती आली. पुढे डिसेंबर २०२० मध्ये राज्याची एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू झाली. ती मुंबई महानगरपालिकेसारखे काही अपवाद सोडून राज्यभर चालते, नगरपरिषदांनाही. वारसा इमारतींबद्दलच्या तरतुदी त्यात आहेत. त्यामुळे ‘हे पुण्या-मुंबईचं, आमच्या गावाला कुठे लागू’ असं म्हणायची आता सोय राहिलेली नाही.

श्रेणी तीन. पहिल्या श्रेणीत देशपातळीवर किंवा इतिहासात फार मोठं महत्त्व असलेल्या वास्तू. त्यांना आयुष्य वाढवण्यापुरताच हात लावायचा. दुसऱ्या श्रेणीत आतले बदल आणि नवा वापर चालतो, बाहेरच्या बदलांची कसून छाननी होते. तिसऱ्या श्रेणीत आतबाहेर दोन्ही बदल साधारणपणे चालतात, पण गल्लीचं एकंदर रूप बिघडू द्यायचं नाही. गावाकडचे बहुतेक वाडे यादीत आलेच तर याच तिसऱ्या श्रेणीत बसतील. ‘हेरिटेज’ ऐकताच कपाळाला हात लावणाऱ्यानं ही श्रेणी आधी वाचावी.

याखेरीज ‘परिसर’ ही एक कल्पना आहे. एकटं घर साधं असतं, पण एकाच उंचीची, ओटे आणि सज्जे एका रेषेत असलेली वीस घरं मिळून पेठ बनते. परिसर यादीत आला की त्यातल्या साध्या घरानं आपला दर्शनी भाग बदलतानाही शेजाऱ्यांकडे पाहावं लागतं.

४. समिती काय पाहते?

समितीत वारसाकामाचा अनुभव असलेले वास्तुविशारद, संरचना अभियंता, नगर-इतिहासाचे जाणकार, नगररचनाकार अशी मंडळी असतात. ती सल्ला देते. अंतिम परवानगी नियोजन प्राधिकरणाची, म्हणजे आपल्याकडे नगरपरिषदेची.

एक कल्पित उदाहरण घेऊ. बाजाराच्या रस्त्यावर एक दुमजली वाडा आहे, तिसऱ्या श्रेणीतला. देवडी, चौक, चारी बाजूंना सोपे, वर माळवद, मागे परसू. मालकांना चार गोष्टी हव्यात: परसात न्हाणीघर आणि संडास, ओसरीच्या जागी दुकानाचं शटर, माळवदाऐवजी स्लॅब आणि वर आणखी एक मजला.

न्हाणीघराला कुणी हरकत घेणार नाही. ते रस्त्यावरून दिसत नाही आणि माणसांना आज जगायचं आहे. पाणी भिंतीच्या पायात मुरणार नाही, एवढं पाहिलं की झालं.

शटरवर चर्चा होते. वाड्यात दुकान नको, असं समिती म्हणत नाही. पेठेतल्या घरांच्या ओसरीवर पेढ्या आणि दुकानं पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहेत. प्रश्न इतकाच की लाकडी खांब आणि महिरप कापून तिथे लोखंडी चौकट ठोकायची, की खांबांच्या आतल्या बाजूला शटर घ्यायचं. दोन हात मागे सरकलं, तर दुकानही होतं आणि दर्शनी बाजूही राहते.

माळवदाचा प्रश्न सगळ्यात अवघड. मालक म्हणतो, मातीचं ओझं डोक्यावर नको. त्याच्या भीतीला कारण आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि मातीची जड छपरं यांनी हजारो माणसं गाडली. तेव्हापासून माळवद म्हणजे मरण, हे महाराष्ट्राच्या मनात बसलं. आता आकडे पाहू. एक घनमीटर माती साधारण १,७०० किलो भरते. माळवदावर ३० सेंटिमीटर थर असेल, तर दर चौरस मीटरला सुमारे ५१० किलो. सळईच्या काँक्रीटचं वजन घनमीटरला सुमारे २,५०० किलो. साडेबारा सेंटिमीटर जाडीचा स्लॅब म्हणजे चौरस मीटरला ३१० किलोंच्या आसपास. म्हणजे स्लॅब हलका ठरला!

पण गोम वजनात नाही, वजन कुठून खाली उतरतं त्यात आहे. वाड्यात छपराचं ओझं कडीपाटावरून तुळईवर आणि तुळईवरून लाकडी खांबांवर जातं. भिंत बव्हंशी आडोसा असते. खांब काढून स्लॅब सरळ त्या मातीच्या भिंतींवर टेकवला, तर ज्या कामासाठी ती भिंत रचलीच नव्हती, ते काम तिच्या गळ्यात पडतं. म्हणून अभियंता आधी विचारतो की नवा स्लॅब कशावर उभा राहणार. बऱ्याचदा मधला मार्ग निघतो: मातीचा थर उतरवून पातळ करायचा, पाणी अडवणारा थर द्यायचा, कुजलेल्या कड्या बदलायच्या आणि खांब-तुळयांचा सांगाडा एकमेकांशी नीट बांधून घ्यायचा. छपराचं ओझं कमी होतं, वाडा टिकतो आणि खर्चही पुष्कळदा आवाक्यात राहतो.

इथेच भिंतींबद्दलही सांगून टाकतो. ओल आली की आपण सिमेंटचा गिलावा मारतो. माती आणि चुन्याची भिंत जमिनीतली ओल वर ओढते आणि पृष्ठभागातून बाहेर टाकते. तिच्यावर सिमेंट चढवणं म्हणजे घामेजलेल्या माणसाला रेनकोट घालणं. ओल आतच कोंडते, भिंत पोटातून भुसभुशीत होते आणि चार-पाच पावसाळ्यांत गिलाव्याची ढलपी मातीसकट खाली येते. वारसा समित्या चुन्याचा आग्रह धरतात तो हौसेपोटी नाही.

राहिला तिसरा मजला. परिसर यादीत असेल तर इथे बहुधा नकार येईल, किंवा मजला रस्त्यापासून इतका मागे घ्यायला सांगतील की खालून दिसणार नाही. या नकाराची किंमत मालकानं मोजायची असते. तिच्याकडे सातव्या भागात वळू.

५. जगात इतरत्र

राहत्या वस्तीसाठी अशी तपासणी सुरू करण्याचा मान अमेरिकेतल्या चार्ल्सटन शहराला देतात. १९३१ साली तिथे जुनी वस्ती ठरवून दिली गेली आणि बाहेरून दिसणाऱ्या बदलांसाठी मंडळ नेमलं गेलं. ब्रिटननं १९६७ साली ‘संवर्धन क्षेत्र’ ही कल्पना कायद्यात आणली. आपल्या शेजारचं उदाहरण म्हणजे पणजीतलं फोंतेन्यास. तिथली रंगीत घरं आणि अरुंद गल्ल्या टिकल्या आहेत, घरांत माणसंही राहतात. अर्थात तिथे पर्यटकाचा पैसा येतो. दौंडच्या गल्लीत तो येणार नाही, हे विसरून फोंतेन्यासचा दाखला देऊ नये.

६. ऐतिहासिक म्हणजे कुणाचं?

यादी करायला बसलं की प्रथम राजे, सरदार आणि देवळं सुचतात. नियमांची व्याप्ती त्याहून मोठी आहे. स्थापत्य, सौंदर्य, इतिहास, संस्कृती, पर्यावरण यांपैकी कुठल्याही कारणानं वास्तू यादीत येऊ शकते.

दौंडचंच बघा. पुण्याहून सोलापूरच्या दिशेनं निघालेली रेल्वे १८५८ साली इथून पुढे गेली आणि १८७८ मध्ये मनमाडचा फाटा जोडला गेल्यावर दौंड जंक्शन झालं. भीमाकाठच्या या गावाला आजचं मोठेपण दिलं ते रेल्वेनं. मग रेल्वेची जुनी घरं हा दौंडचा वारसा नाही तर काय? मात्र रेल्वेच्या जमिनीवर नगरपरिषदेची नेहमीची परवानगी-पद्धत चालत नाही. तिथला निर्णय रेल्वेच्याच हाती.

त्याच तालुक्यात केडगावला पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे. १८९० च्या दशकातल्या दुष्काळात त्यांनी निराधार बायामुलींना इथे आणलं, कामाला लावलं, छापखाना चालवला. १९२२ साली त्यांचं निधन झालं तेही इथेच. तिथल्या एखाद्या साध्या लांबोळक्या इमारतीला नक्षी नसेल. महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासात तिचं वजन कुठल्याही नक्षीदार सज्ज्याहून कमी नाही.

शिरूरला इंग्रजांची मोठी छावणी होती. १ जानेवारी १८१८ च्या कोरेगावच्या लढाईला गेलेली तुकडी इथूनच निघाली होती. त्या छावणीतला कर्नल वॉलेस १८०९ मध्ये वारला आणि इथेच पुरला गेला. पुणे जिल्ह्याच्या जुन्या गॅझेटियरमध्ये नोंद आहे की गावोगावचे लोक त्याला सत्पुरुष मानून थडग्याला नवस बोलत आणि सुगीचं पहिलं धान्य नैवेद्याला आणत. परक्या अधिकाऱ्याचं थडगं गावाचं दैवत होतं, तेव्हा ते नेमकं कुणाचा वारसा ठरतं? समितीच्या श्रेणीत असल्या प्रश्नाला रकाना नसतो.

आणि घर बदलणं हेच मुळी पाप आहे, असं कुणाला वाटत असेल, तर त्यानं शिरूर तालुक्यातल्या इनामगावची गोष्ट ऐकावी. घोडनदीच्या काठी डेक्कन कॉलेजनं १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केलं आणि साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची वस्ती उजेडात आणली. आधीच्या काळात तिथे चौकोनी, ऐसपैस घरं होती, त्यातलं एक पाच खोल्यांचं, बहुधा गावप्रमुखाचं. पुढे इसवी सनापूर्वी हजाराच्या सुमारास घरं लहान आणि गोल झाली. पाऊस कमी झाला, शेती पिकेना, माणसं अधिक फिरस्ती झाली, असं त्याचं स्पष्टीकरण उत्खनन करणाऱ्यांनी दिलं. घराच्या आकारात पाऊसपाणी वाचता आलं, कारण दोन्ही प्रकारच्या घरांचे अवशेष शाबूत होते.

७. मालकाचा हिशेब

वाडा पडतो तो बहुतेक वेळा आधुनिकतेच्या हौसेनं नाही. मालमत्ता पत्रकावर अकरा वारस असतात, त्यातले सहा पुण्यात, दोन मुंबईत. खालच्या खोल्यांत जुने भाडेकरू असतात, त्यांच्या भाड्यात एक कडीही बदलून होत नाही. शेजारची भिंत सामाईक असते आणि शेजाऱ्याशी बोलणं बंद असतं. पावसाळ्याच्या तोंडावर नगरपरिषदेची ‘धोकादायक इमारत’ म्हणून नोटीस येते. नोटिशीचा अर्थ पाडा, असाच घेतला जातो. खरं तर १९६५ च्या नगरपरिषद कायद्यात धोकादायक भाग दुरुस्त करणं किंवा आधार देऊन सुरक्षित करणं हेही पर्याय आहेत. पण दुरुस्तीला सगळ्यांची वर्गणी लागते. वाडा पाडून जागा बिल्डरला दिली, तर सगळ्यांच्या वाट्याला काहीतरी येतं.

नियमांनी मालकासाठी काही सवलती ठेवल्या आहेत. यादीतल्या इमारतीचा वापर बदलायला मोकळीक मिळू शकते, जतनासाठी बांधकाम नियम शिथिल करता येतात आणि नाकारलेल्या मजल्यांच्या बदल्यात विकास हक्क दुसरीकडे विकता येतात. यालाच टीडीआर म्हणतात. मुंबईत त्याला गिऱ्हाईक आहे. छोट्या नगरपरिषदेच्या हद्दीत, जिथे मोकळ्या जागेचीच टंचाई नाही, तिथे हवेतले मजले विकत घेणार कोण? माझ्या मते अशा गावांना घरपट्टीत सूट आणि दुरुस्तीला थेट अनुदान यांचाच उपयोग होईल.

मालकाशी न बोलता यादी लादली की काय होतं, ते २०१२ साली मुंबईत दिसलं. शिवाजी पार्क परिसराचं नाव वारसा यादीच्या मसुद्यात आलं आणि जुन्या इमारतींतले मध्यमवर्गीय रहिवासी खवळून उठले. पुनर्विकास अडला तर गळक्या घरात किती वर्षं काढायची, हा त्यांचा सवाल होता. त्याचं नीट उत्तर कुणाकडे नव्हतं.

८. कामाला हात घालण्यापूर्वी

मालकानं आधी तीन गोष्टी विचारून घ्याव्यात. नगरपरिषदेच्या नगररचना विभागात लेखी अर्ज: आमचा नगर भूमापन क्रमांक कुठल्या वारसा यादीत किंवा परिसरात येतो का? उत्तर आलं नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज, त्याला तीस दिवसांची मुदत असते. दुसरं, जवळ केंद्राचं संरक्षित स्मारक असेल तर त्याच्या संरक्षित हद्दीपासूनचं अंतर मोजून घ्यायचं. मंदिराच्या कळसापासून किंवा बुरुजापासून टेप लावू नका, हद्द वेगळी असते. तिसरं, लाकूड आणि चुना कळणाऱ्या अभियंत्याला वाडा दाखवायचा. ज्यानं आयुष्यभर आरसीसीच केलं आहे, तो बहुधा पाडाच म्हणेल.

यादी नसेल आणि आपली आळी टिकावी असं आळीलाच वाटत असेल, तर प्रस्ताव नागरिकांनाही देता येतो. प्रत्येक घराचा फोटो, साधा नकाशा, बांधणीचा अंदाजे काळ, काय शिल्लक आहे आणि काय बदललं, एवढी नोंद हाती असेल तर मुख्याधिकाऱ्यांकडे बोलणं पुढे सरकतं. १९८४ साली स्थापन झालेल्या ‘इंटॅक’ या संस्थेचा पुण्यात विभाग आहे आणि अशा नोंदणीची पद्धत तिला माहीत आहे. पुढे मसुदा जाहीर होतो, हरकती आणि सूचना मागवल्या जातात, सुनावणी होते आणि मग शासनाची मंजुरी. मालकाला आपलं घर यादीतून वगळा म्हणायचं असेल, तर तेही हरकतींच्या मुदतीतच म्हणायचं.